ठकी बसली आहे

वरोर,
५ जानेवारी २०२५

चि. सौ. निलम,

आशीर्वाद तुला आणि छोट्या जागृतीला. तुमच्या घरातल्या तिसऱ्या माणसाचे आशीर्वाद सध्या स्थगित आहेत. त्याला हे वेगळे कळवायला नको, माहीत आहे.

सासऱ्याचे पत्र पाहून चकित झाली असशील. दिवाळीत मी चार माणसांदेखत म्हटले होते की देवेश पुन्हा कामावर रुजू होईपर्यंत उधव्याच्या तुमच्या घरात पाय ठेवणार नाही आणि तुमचा फोन कानाला लावणार नाही. शब्द म्हणजे शब्द. पण पत्राबद्दल मी काहीच बोललो नव्हतो, हे परवा दाढी करताना लक्षात आले. तुझी सासू हिरकणी आठ-पंधरा दिवसांनी भाजी आणि सुके बोंबील घेऊन तुमच्याकडे येतेच. "तुमची शपथ तुमच्यापाशी ठेवा, माझ्या नातीने काय तुमचं घोडं मारलंय?" असे मलाच सुनावून येते. तिच्या पिशवीत एक पाकीट काही जड होणार नाही.

आता मुद्द्याचे. तुला शाळेत दाखवायला आपल्या इमूचे पीस आणि अंडे हवे आहे, कारण पक्षी हे डायनासोरचे वंशज आहेत असे तू मुलांना शिकवते आहेस, असे हिरकणी म्हणाली. शिकव बापडी. विज्ञानाच्या बाईंना मी काय सांगणार? पीस सोबत पाठवतो आहे. अंडे मात्र मिळणार नाही.

त्याचे कारण असे. ज्या वर्षी सगळी दुनिया इमू पाळायला धावली, त्या वर्षी मीही धावलो, हे तुला ठाऊक आहे. त्यातले ठकी आणि बाजीराव तेवढे उरले. दर हिवाळ्यात अंडी पडली की वाडीवरचा सुक्या ती टोपलीत गोळा करून आणायचा. एक कोणाच्या शोकेसमध्ये जायचे, दुसऱ्याचे आम्लेट दहा माणसे खायची. या वेळी माझे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, मी महिनाभर काळा चष्मा लावून घरात, आणि सुक्या चिकू उतरवण्यात गुंतलेला. मागच्या बांधाकडे कोणी फिरकलेच नाही. परवा नव्या डोळ्यांनी जाऊन बघतो, तर बांबूच्या बेटाखाली पाचोळ्यावर ठकी बसलेली, आणि तिच्या पोटाखाली आठ-नऊ हिरवीगार अंडी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

निलम, तिला हे कोणी शिकवले? कोणी नाही. आईची जात आहे, ती बसली. बाजीराव वाडीभर फिरतो, ढोल बडवावा तसा गळ्यातून आवाज काढतो आणि पडके चिकू खातो. देवाने कामाची वाटणी अशी करून ठेवली आहे. मी जास्त काही लिहीत नाही, तू हुशार आहेस.

शेजारच्या वाडीतला प्रविण रोज विचारतो, "देवेश हल्ली काय करतो?" मी सांगतो, प्रकल्पावर आहे. कसला प्रकल्प म्हणाला, तर म्हटले सरकारी आहे, बोलायची परवानगी नाही.

शब्दाचा पक्का,
रामनाथ

*

उधवा,
१२ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप बाबांना,

माझा, जागृतीचा आणि स्थगित माणसाचा नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, देवेशने तीनदा. प्रकल्पाचा मजकूर वाचून तो इतका हसला की मांडीवरची पोरगी दचकून रडायला लागली. गुप्त प्रकल्पावरचे अधिकारी या क्षणी नाचणीची पेज भरवत आहेत आणि अर्धी पेज त्यांच्याच शर्टावर आहे.

पीस वर्गात फिरवलं. एकाच मुळातून दोन दांड्या फुटलेलं पीस मुलांनी कधी पाहिलं नव्हतं. मी सांगितलं की डायनासोर सगळेच्या सगळे मेले नाहीत. त्यांच्यातली एक शाखा, दोन पायांवर धावणारी, अंगावर पिसं असलेली, तगून राहिली, आणि आज तीच आपल्या अंगणात दाणे टिपते. चीनमध्ये दगडात पिसांसकट ठसे सापडलेत. आठवीतली योगिता उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, मंग आम्ही आईतवारी डायनासोर खातो काय?" मी म्हटलं, हो, रश्शासकट. दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग घरून कोंबडीची हाडं धुऊन घेऊन आला. छातीवरचं ते दुबेळक्यासारखं हाड असतं ना, ज्याची दोन टोकं धरून मुलं ओढतात, ते मोठमोठ्या मांसाहारी डायनासोरांनाही होतं. हाडं आतून पोकळ, तीही दोघांची. इथून गुजरातची हद्द चालत गाठता येते, त्यामुळे तिकडे बालासिनोरला डायनासोरची अंडी मिळालीत हे सांगितल्यावर मुलांना ते शेजारच्या पाड्यातलंच वाटलं.

आता दोन कामं सांगते. एक म्हणजे इमूच्या पावलाचा प्लास्टरमध्ये ठसा हवा. दुसरं म्हणजे ढोलासारखा आवाज दोघांपैकी नक्की कोण काढतं, आणि दुसऱ्याचा आवाज कसा आहे, ते जरा कान देऊन ऐका आणि कळवा. शाळेच्या कामासाठी हवंय.

जागृती रांगायला लागली आहे, पण फक्त मागे. खेळणं समोर ठेवलं की ती त्याच्याकडे बघत बघत लांब जाते आणि मग चिडते. झोपेचं म्हणाल तर नाव जागृती ठेवल्यावर तक्रार कुठे करायची?

तुमची,
निलम

*

वरोर,
१९ जानेवारी २०२५

चि. सौ. निलम,

आशीर्वाद दोघींना. तिसऱ्याचे पूर्ववत.

सोबत ठसा आहे. ओला गाळ पसरला, पलीकडे चिकू टाकले आणि बाजीरावाला सोडले. त्याने आधी चिकू खाल्ले, मग सुक्याची टोपी खाल्ली आणि जाता जाता गाळात एक पाय दिला. तीन बोटे, प्रत्येकाला नख. प्लास्टर सुकल्यावर पालथे केले आणि एकेका बोटावरून हात फिरवून पाहिला. असला पाय आपल्या भेंडीच्या वाफ्यात रोज उमटतो आणि मी त्यावरून चप्पल घालून चालत जातो. प्रविणने विचारले, कसला पाय? म्हटले, डायनासोरचा. तो म्हणाला, उधव्याच्या प्रकल्पाशी याचा काही संबंध आहे काय? मी म्हटले, आहे.

खरे सांगू? तुझे म्हणणे मला पटले आहे. ऑपरेशननंतर बारीकसारीक दिसते. बाजीराव मान तिरकी करून एका डोळ्याने बघतो, तेव्हा तो पाहुण्याकडे बघावे तसा बघत नाही, ताटाकडे बघावे तसा बघतो. त्याचा तो एवढासा पंख उचलून पाहिला, तर टोकाला चक्क एक नखी. पक्ष्याला पंखावर नखी कशाला हवी?

आवाजाचे. ढोल वाजवतो तो बाजीरावच. छाती फुगवून असा घुमवतो की वाऱ्याची दिशा असेल तर रस्त्यावर ऐकू जाते. मर्दाचा आवाज आहे. ठकी बिचारी अधूनमधून नुसती घुरघुरते. घरंदाज बाई थोडे बोलते, असे मी हिरकणीला म्हटले. त्यावर ती जे बोलली ते थोडे नव्हते.

ठकी जागची हलत नाही. दिवसातून काही वेळा उठते, चोचीने अंडी फिरवते, परत बसते. बघत राहावे असे आहे. तुझ्या शाळेतल्या पुस्तकात हे लिहिले आहे काय, की कोट्यवधी वर्षांत किती काय बदलले पण आईचे काम आईने आणि बापाचे बापाने, हे बदलले नाही? नसेल तर लिहून पाठव.

मुलगी मागे रांगते म्हणतेस. तिचा बापही तसाच मागे जायचा. अजून जातो आहे.

रामनाथ

*

उधवा,
२६ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप बाबांना नमस्कार,

झेंडावंदनाहून आत्ताच आले. तुमचा ठसा प्रयोगशाळेच्या दारावर टांगला आहे, शेजारी डायनासोरच्या पायाचं चित्र. कुठला कोणाचा ते ओळखा म्हटलं की शिक्षकसुद्धा चुकतात. खाली पाटी लावली आहे: 'श्री. बाजीराव, वरोर'.

आवाजाची माहिती फार उपयोगी पडली. तूर्त एवढंच लिहिते.

तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट सांगते. शंभरेक वर्षांपूर्वी मंगोलियाच्या वाळवंटात एका डायनासोरचा सांगाडा मिळाला, अंड्यांच्या ढिगाजवळ. शोधणाऱ्यांनी ठरवून टाकलं की दुसऱ्याची अंडी चोरताना हा मेला. नावच ठेवलं 'अंडीचोर'. सत्तर वर्षं बिचारा चोर म्हणून पुस्तकात राहिला. मग तसल्याच एका अंड्यात पिल्लू मिळालं, ते त्याच्याच जातीचं. पुढे तर पाय दुमडून, हात पसरून अंड्यांवर बसलेले सांगाडेच मिळाले. वाळूचं वादळ आलं असणार, आणि तो उठलाच नाही. चोर कसला, आपल्याच अंड्यांवर बसला होता. पण एकदा पडलेलं शास्त्रीय नाव बदलत नाही, म्हणून आजही अंडीचोरच. मुलांना याचं फार वाईट वाटलं. योगिता म्हणाली, त्याला नीट विचारला असता तर त्यानं सांगितला असता.

जागृतीला खालचे दोन दात आलेत. पहिला प्रयोग देवेशच्या खांद्यावर झाला. ती आता पुढे रांगते, आणि कपाट धरून उभी राहते. उभं राहिल्यावर खाली कसं बसायचं ते तिला माहीत नाही, म्हणून तशीच उभी राहून हाका मारते. फार दिवस नाही आता, पाऊल टाकेल. मी कोणाला काही सुचवत नाही. तुम्हीही हुशार आहात.

निलम

*

वरोर,
२ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. निलम,

आशीर्वाद. आज थट्टा सुचत नाही.

ठकीचे काही खरे नाही. महिना झाला, तिने अन्नाला तोंड लावलेले नाही. पपई ठेवली, चिकू सोलून ठेवले, मुंग्या खाऊन गेल्या. पाण्याचे भांडे मी सकाळ-संध्याकाळ स्वतः तिच्या चोचीपाशी नेऊन ठेवतो, शिळे ओततो, ताजे भरतो. एक थेंब घेत नाही. पाठीचा कणा वर आला आहे. सुक्या म्हणतो, "बाबा, ती खात नाय, पीत नाय, उठून कुठं जात नाय. तिला कायतरी लागलाय." त्याने त्यांच्या भगताकडून अंगारा आणला, तोही लावला. नुसते डोळे मिटून पडली आहे. काल मी तासभर तिथे बसलो तर माझ्या पायावर मान टेकली. इमू असे करत नाहीत, लाथ मारतात.

आई जगली तर अंडी पुढच्या वर्षी होतील. म्हणून बुधवारी प्रविण आणि दोन माणसे दोर घेऊन येतील, तिला बांधून टेम्पोत घालू आणि डहाणूला जनावरांच्या डॉक्टरकडे नेऊ. अंडी सुक्याच्या बायकोकडे द्यायची, काळीकडे. तिच्या कोंबड्या खुडूक आहेत, एकीखाली एक ठेवू. एवढ्याशा कोंबडीला ते अंडे झाकता येईल असे मला वाटत नाही, पण काहीतरी करायला हवे.

हिरकणीचा मोबाइल टाकीत पडून बंद आहे. ती उद्या हे पत्र तुला देऊन तशीच पुढे सिल्वासाला बहिणीकडे जाणार आहे. कळवावे म्हणून कळवले. हे जनावर दहा-बारा वर्षे माझ्या पायात घुटमळले आहे.

रामनाथ

*

उधवा,
४ फेब्रुवारी २०२५

बाबा,

ठकीला हात लावू नका. दोर बाजूला ठेवा आणि आधी हे पूर्ण वाचा.

ती आजारी नाही. इमू अंड्यांवर बसला की दोन महिन्यांच्या आसपास खात नाही, पीत नाही, अंगातल्या चरबीवर काढतो. आता उचललंत तर अंडी गार पडतील, आणि तो परत बसेलच असं नाही. मी 'तो' लिहिलं आहे, ते चुकून नाही. इमूमध्ये अंड्यांवर नर बसतो. मादी अंडी घालते आणि निघून जाते, उबवणं आणि पिल्लं वाढवणं सगळं बापाचं. ढोलासारखा आवाज मादी काढते, नर घुरघुरतो. बाबा, ठकी नर आहे. बाजीराव मादी आहे.

तुमचं आवाजाचं पत्र आलं तेव्हाच मला कळलं होतं. सांगितलं नाही. त्याबद्दल नंतर हवं तेवढं रागवा.

आणि त्या अंडीचोराचं अर्धंच सांगितलं होतं. अंड्यांवर बसलेल्या त्या सांगाड्यांची हाडं तपासली, तेव्हा तेही बहुतेक बापच असावेत असं काही शास्त्रज्ञांना वाटतं. अंडी घालणाऱ्या मादीच्या हाडांत जी खूण राहते ती त्यांच्यात नव्हती. म्हणजे हे आजकालचं नाही.

तुम्ही आमचा फोन घेत नाही. सुक्याचा लागत नाही. प्रविणकाकांना लावला, ते म्हणाले की सगळी जमवाजमव झाली आहे, बाईमाणसाच्या सांगण्यावरून आता रद्द होणार नाही. मला उद्या शाळेत तपासणी आहे, हलता येत नाही. म्हणून पत्र देवेश घेऊन येतोय, सकाळच्या पहिल्या गाडीने, जागृतीला घेऊन. तो वाडीत येणार नाही, कुंपणापाशी देऊन परत फिरेल. तोही तुमचाच मुलगा आहे.

निलम

*

वरोर,
१६ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. निलम,

आशीर्वाद. इतके दिवस उत्तर नाही म्हणजे बाबा रागावले, असे तू धरून चालली असशील. रागावलो होतोच, पण फक्त बुधवारी दुपारपर्यंत. नंतर रागवायला सवड मिळाली नाही. बांधात एक घोरपड आहे, तिला अंड्यांचा वास लागला आहे. मी खुर्ची आणि काठी घेऊन बांबूच्या बेटापाशीच असतो. जेवणही तिथेच येते.

बुधवारचे सांगतो. प्रविण आणि दोघे दोर घेऊन पुढे झाले. मला वाटले ठकी लाथा झाडेल, पळेल. तिने काही केले नाही. मान लांब करून जमिनीला चिकटवली, डोळा मिटला आणि पंख होते नव्हते तेवढे अंड्यांवर ओढून घेतले. तेवढ्यात सुक्या फाटकाकडून पळत आला, हातात तुझे पाकीट. मी वाचले, मग पुन्हा वाचले. प्रविण म्हणाला, काय लिहिलंय? मी म्हटले, दोर गुंडाळ आणि घरी जा.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनाच इथे आणले. त्यांनी ठकीला लांबूनच पाहून मान हलवली. बाजीरावाला मात्र सुक्याने धरून ठेवले आणि त्यांनी तपासले. मग ते हात धुता धुता बराच वेळ हसले. तर ते असे आहे. दहा-बारा वर्षे मी एका बाईला बाजीराव म्हणत होतो आणि तिने एकदाही तक्रार केली नाही. आता नाव बदलत नाही. ठकीही ठकीच राहील. अंडीचोराला चालते, तर याला का चालू नये? हिरकणी सिल्वासाहून आली तेव्हा तिला सांगितले. ती आधी हसली आणि मग म्हणाली, "घरंदाज बाई थोडं बोलते ना?"

आता जे लिहायचे आहे ते लिहितो. पत्र वाचून मान वर केली तेव्हा फाटकाबाहेर देवेश उभा होता. माझ्या नव्या डोळ्यांना लांबचे चांगले दिसते. हिरकणीच्या जुन्या लुगड्याची झोळी करून पोरगी छातीशी बांधलेली, ती झोपलेली, आणि हा तिच्या डोक्यावर उन्हाला हात आडवा धरून उभा. झाड चार पावलांवर होते. तिथे का गेला नाही, तर चालले की ती उठेल म्हणून, एवढे मलाही कळले. मी उठेपर्यंत तो गेला. त्या दिवशी घरात हिरकणी नव्हती. सुक्याने पाणी विचारले तर नको म्हणाला. माझ्या दाराशी आलेला माणूस पाणी न घेता गेला, आणि तो माझा मुलगा होता, हे मला राहून राहून लागते आहे. त्याने वाटेत कुठे काही खाल्ले-प्याले काय, ते विचारून कळव.

शपथेचे अजून काही ठरलेले नाही. शब्द चार माणसांदेखत दिलेला आहे. मी खुर्चीत बसून विचार करतो आहे.

रामनाथ

*

उधवा,
२२ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप बाबांना नमस्कार,

तुम्ही रागावलात असंच मी धरून चालले होते आणि हात जोडून बसले होते. घोरपडीचं वाचून जीव भांड्यात पडला. माझा, अंड्यांचा नव्हे. तुम्ही काठी सोडू नका.

मी का लपवलं ते सांगते. आवाजाचं पत्र आलं तेव्हा मी लगेच कळवायला निघाले होते, उत्तर अर्धं लिहूनही झालं होतं. देवेशने अडवलं. म्हणाला, "बाबा कित्येक दिवसांनी खुशीत लिहितायत. त्यांना जिंकू दे ना थोडे दिवस. माझं काय जातंय?" टोमणे त्यालाच होते, म्हणून मी त्याचं ऐकलं.

पाण्याचं विचारलंत. नाही प्यायला. मीही तुमच्यासारखंच विचारलं, त्यावर म्हणाला की एका हाताने बाटलीचं झाकण उघडत नाही आणि दुसरा हात तिच्या डोक्यावर होता. येताना एसटीत ती पुन्हा झोपली, तर उधव्याला उतरलाच नाही, गाडी पुढे जिथे थांबते तिथपर्यंत गेला आणि त्याच गाडीने परत आला. कंडक्टरने विचारलं, कुठे जायचंय? हा म्हणाला, ही उठेल तिथे.

आता माझी काळजी. सोमवारपासून पालघरला शिक्षकांचं प्रशिक्षण आहे, आठवडाभर, राहून. तेवढे दिवस हे दोघंच. ती सुखरूप राहील, त्याबद्दल मला शंका नाही. तिला वेळेवर पेज, वेळेवर आंघोळ, सगळं होतं. त्याचं स्वतःचं जेवण मात्र संध्याकाळी झाकलेलं तसंच सापडतं. गेल्या महिन्यात त्याची पँट सुतळीने बांधायची वेळ आली. त्याला विचारलं तर म्हणतो, भूक नव्हती.

जागृतीने गुरुवारी कपाट सोडलं. दोन पावलं, आणि मग त्याच्या अंगावर. तो रडला, ती हसली. तुम्हाला सांगायचं राहून जाऊ नये म्हणून लिहिलं.

निलम

*

वरोर,
२५ फेब्रुवारी २०२५

चि. देवेश,

अनेक आशीर्वाद. दिवाळीपासून साठलेले सगळे.

काल सकाळी ठकीची पिल्ले निघाली. सहा. अंगावर उभे पट्टे आहेत, चिबडासारखे. दोन अंडी फुटली नाहीत, ती निलमच्या शाळेला. बाजीराव बघायला आली आणि चोच मारू लागली, म्हणून तिला जाळीपलीकडे ठेवले आहे. ती तिकडून ढोल वाजवते, तिला दुःख वगैरे काही नाही.

पिल्ले सुकली तसा ठकी उठला. पाय थरथरत होते. पिल्लांना घेऊन चार पावले चालला आणि माझ्या भांड्यापाशी आला. एवढे दिवस मी ते भांडे दोन वेळा भरत होतो. निलमच्या पत्रानंतर तो पिणार नाही हे माहीत होते, तरी भरत होतो, कारण समोर बसलेल्या जिवापाशी पाणी नसावे हे मला बघवेना. काल त्याने ते सगळे संपवले. मी पुन्हा भरले, तेही संपवले. मग मला खुर्चीत बसून राहवेना. तुझ्यापाशी भांडे कोणी ठेवले होते?

प्रविण पिल्ले बघायला आला होता. त्याला सांगून टाकले की प्रकल्प वगैरे काही नाही, देवेश घरी राहून माझ्या नातीला वाढवतो. तो म्हणाला, हे काय काम झाले? मी म्हटले, माझी खुर्ची घे आणि संध्याकाळपर्यंत घोरपड राखून दाखव, मग बोल. अर्ध्या तासात चहाचे निमित्त काढून गेला.

शपथेचेही झाले. तू कामावर रुजू होईपर्यंत तुझ्या दारात पाय ठेवणार नाही, असे मी म्हटले होते. तू रुजू आहेस, हे मी त्या बुधवारी फाटकापाशी उन्हात स्वतः पाहिले आहे. तेव्हा मला काही मोडावे लागत नाही. तुझी आई म्हणाली, निलम पालघरला गेली, मी जाते. मी म्हटले, तू पिल्ले राख, या वेळी मी जातो.

हे पत्र कोणाच्या पिशवीतून पाठवत नाही, मीच घेऊन येतो आहे. दार उघडशील तेव्हा तुझ्या हातात देईन. पोरगी माझ्याकडे येताना रडेल, रडू दे, सवय होईल तिला आणि मला. तिला माझ्याकडे दे आणि तू उंबऱ्यावर बसून हे निवांत वाच. पिशवीत वाडीतली चार शहाळी आहेत, एकाचे तोंड मी येतानाच छाटून आणणार आहे, म्हणजे झाकण उघडायचा प्रश्न नाही.

ते आधी पी.

तुझे,
बाबा